बेवड

ब्रॉड बीन्स संपल्या. काळी पडलेली झाडं
जमिनीलगत कापली, मुळं आतच राहू दिली,
आणि जुलैच्या नऊ तारखेला
माझ्या बागेचा दात पडला.
सहा फूट बाय चार. आजूबाजूला गच्च हिरवं
आणि मधेच ही तपकिरी, उघडी हिरडी.

प्रेस्टनमध्ये अशा जागेपाशी लोक थांबतात.
शेजारच्या प्लॉटचे मिस्टर हेस्केथ
थर्मासच्या झाकणातून चहा पीत म्हणाले, "सलगम."
तेवढंच.
एनिड असती तर बीट म्हणाली असती,
हे बऱ्याच वेळानं.

मी बियांचा डबा उघडला, बिस्किटांचा, निळा.
कोथिंबीर नको. इथे रात्री दहापर्यंत उजेड,
बिचारीला झोपच मिळत नाही,
वीतभर होते न होते तोच फुलावर.
पालकाचं तेच.
गवार तीन उन्हाळे लावून पाहिली,
तिन्ही उन्हाळे ती कुडकुडत उभी राहिली
परक्या घरी स्वेटर मागायला लाजणाऱ्या मुलीसारखी.
फरसबी चालेल, बुटकी असेल तर.
गाजराला उशीर झाला का?
पाकीट म्हणतं, जुलैपर्यंत.
अर्धा जुलै की अख्खा, ते म्हणत नाही.

बोटांच्या पेरांवर मोजते:
जुलैचे बावीस, ऑगस्टचे एकतीस,
सप्टेंबरचे तीस, पुढचे चौदा.
सत्याण्णव.
हेस्केथना वाटतं, मी पहिलं दहिवर कधी पडेल ते मोजतेय.
मी गुडघा मोजतेय.
चौदा ऑक्टोबरला उजवा बदलणार,
पत्र फ्रिजवर लावलंय, वीजबिलाच्या शेजारी.
मग किती आठवडे वाकायचं नाही कोण जाणे.
"बाग बघायला कुणी आहे का?" फिजिओवाल्या पोरीनं विचारलं.
म्हटलं, आहेत ना.
बघायला काय, सगळेच बघतात.

तर जे पेरायचं ते सत्याण्णव दिवसांत
ताटात आलं पाहिजे.
मेथी महिन्याची. मुळाही साधारण तेवढाच,
त्याचा पाला त्याआधीच, कूट पेरून.
नवलकोल दोन महिन्यांचा.
चोख व्यवहार. देणंघेणं संपवायचं,
वाफा पाटीसारखा पुसायचा,
आणि मग टेबलावर आडवं व्हायचं.

मूठभर माती दाबली. लाडू वळला.
टिचकी मारली, फुटला.
"हे काय चाललंय, व्हॅट्सला?"
वाफसा सांगता आला: माती ना चिखल, ना ढेकूळ,
पेरायला हो म्हणणारी.
बेवड सांगता येईना.
आधीचं पीक जाताना
जमिनीत जे मागे ठेवतं ते. चांगलं असेल, वाईट असेल.
शेंगांचा चांगला.
माझे वडील बीजगुणन केंद्रात होते,
नवा माणूस कामावर आला की हळूच विचारायचे,
"ह्याला बेवड कुणाचा?"

हेस्केथ गप्प. चहा संपला होता तरी
झाकण तोंडाला लावून उभे.
मग म्हणाले, "म्हणजे एनिड,"
आणि झाकण झटकून शेडकडे गेले.

मी तीन ओळी मेथी पेरली. दोन मुळा.
कडेला हातभर पट्टी उरली, फरसबीसाठी.
तेवढ्यात ते पाच रोपं घेऊन आले,
दह्याच्या डब्यांत ताटकळलेली,
जांभळी ब्रॉकली, मार्चमध्ये येणारी.
मार्च!
माझ्या एकाही पेरावर हा महिना नव्हता.
नको म्हणायला तोंड उघडलं,
तर त्यांनी दोरी धरून खड्डे करायला घेतलेसुद्धा,
तिरकेच, एक जवळ, एक लांब.
मातीत शेंगांची मुळं दिसली,
बारीक गुलाबी गाठी, अजून ताज्या.
त्यांच्यावरच एकेक रोप ठेवलं,
भोवतीची माती टाचेनं दाबली, सवयीनं उजव्या.
कळ थेट मांडीपर्यंत.

पाणी त्यांनी घातलं, मी सांगितलं नव्हतं.
जरा जास्तच घातलं.
मेथीची एक ओळ वाहून गेली.